इथे कुठलं भात व्हायचं?

घर विकत घ्यायचं मी ठरवलं तेव्हा माझी बेचाळिशी उलटली होती, आणि तोवर माझं चार घरांत राहून झालं होतं. किन्हवलीजवळचं माहेरचं घर भावांचं. मुरबाडच्या पुढचं सासरचं घर दिरांचं आणि नवऱ्याचं. शहापुरातली भाड्याची खोली घरमालकिणीची. तिथून आम्ही भातसानगरला धरणाच्या वसाहतीत गेलो, ते क्वार्टर सरकारचं. चारही ठिकाणी मी झाडलं, पुसलं, भिंतींना रंग काढला, आणि साधा खिळा ठोकायचा तरी दर वेळी कुणाला ना कुणाला विचारलं. मला विचारायला आवडत नाही. वर्गात पन्नास पोरं एका नजरेत गप्प करणारी बाई, आणि कॅलेंडर टांगायला परवानगी मागते! त्या वेळी माझा जो जळफळाट व्हायचा तो घरातल्या भांड्यांना ठाऊक आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. हे धरणावर कारकून होते, मी शहापूर तालुक्यातच प्राथमिक शाळेत शिकवत होते. त्या एप्रिलमध्ये यांची बदली झाली, थेट खाली सावंतवाडीकडे. क्वार्टर सोडावं लागणार हे उघड होतं. यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बघू." आमचे हे सगळ्यालाच बघू म्हणतात. मुलगी झाली तेव्हाही बहुतेक बघूच म्हणाले असतील.

गावाकडून लगेच निरोप आला की सुनेनं पोरींना घेऊन घरी यावं, मागच्या पडवीला एक खोली वाढवून देऊ. निरोप प्रेमाचाच होता. पण गावातून सकाळची एसटी एकच. ती धरून मुरबाड, तिथून दुसरी धरून किन्हवली, आणि तिसरी मिळाली तर माझी शाळा. थोरली नुकतीच दहावीची परीक्षा देऊन बसली होती. तिला कल्याणच्या कॉलेजात जायचं होतं. गावातून कल्याणला रोज जाणारी मुलगी तोवर एकही झाली नव्हती. दहावीनंतर तिथल्या मुली घरी बसत, आणि दोन पावसाळ्यांत त्यांची लग्नं होत. म्हणजे मागच्या पडवीला खोली वाढली असती आणि माझ्या थोरलीचं कॉलेज बुडालं असतं, हिशोब इतका सरळ होता. कल्याणला थेट लोकल असलेल्या आसनगाव स्टेशनजवळ तेव्हा नव्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या, कल्याण-डोंबिवलीच्या मानानं स्वस्त. मी ठरवलं, घ्यायचं तर तिथे घर घ्यायचं, आणि ते माझ्या नावावर घ्यायचं. कर्ज शिक्षकांच्या पतपेढीतून माझ्या पगारावर निघणार होतं, तर दारावरची पाटी दुसऱ्या कुणाची का?

हे मी गावातल्या एका लग्नात, जेवणं झाल्यावर, मांडवात जाहीर केलं. चूकच केली. थोरले दीर पान लावत होते, ते थांबले.

"जागा कोनाच्या नावावर?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांच्या मिळून. सोसायटी होते."

"सगल्यांची म्हंजे कोनाचीच नाय. आन् वरच्या मजल्याचा सातबारा कुठं मिलतो गो? मलाबी घेऊन ठेवायचाय."

मांडव हसला. मी तावातावाने म्हटलं की मी तळमजलाच बघतेय, जमिनीला पाय लागतील. त्यावर कुणीतरी म्हणालं, बाई तापली, पाणी द्या. सासूबाई एका बाजूला बसून तांदूळ निवडत होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मला बगायला कवा नेतेस?"

हे विचारणं आमच्या घरात साधं नव्हतं. सासरे होते तोवर आणि गेल्यावरही, एखादं शेत खंडाने करायला घ्यायचं असलं तरी आधी सासूबाई ते पायाखालून घालायच्या. बांधाबांधाने एकट्या फिरून यायच्या, घरी येऊन पाय धुवायच्या आणि मग हो किंवा नाही म्हणायच्या. कारण सांगायच्या नाहीत. पुरुष मिशांवरून हात फिरवत बोलणी करत, पण बोलणी सुरू व्हायची ती त्यांचे पाय धुऊन झाल्यावर. मला ही रीत माहीत होती आणि मी ती शेतापुरती आहे असं धरून चालले होते.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी, हे आणि सासूबाई आसनगावला उतरलो. तोपर्यंत मी दोन इमारती बघून ठेवल्या होत्या. एक रस्त्याला लागून, पूर्ण तयार, बाहेरून पिवळा रंग, लोखंडी रंगीत गेट. तिचा तळमजल्यावरचा फ्लॅट मला भलताच आवडला होता. स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्यावर हात फिरवला की थंडगार लागे. मागे चार पावलांचं स्वतःचं अंगण. मी मनातल्या मनात तिथे तुळस लावून मोकळी झाले होते. दुसरी इमारत स्टेशनपासून लांब, चढावर माळावर, बाहेरचं प्लास्टर अजून व्हायचं होतं. तिचा तिसरा मजला तेवढा शिल्लक होता आणि ती मी नुसती बघायची म्हणून बघितली होती.

साइटवरच्या माणसाने आम्हाला पंख्याखाली बसवलं आणि कोल्ड्रिंक मागवलं. सासूबाईंनी गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं सोडलं नव्हतं, पाय अनवाणी, मिश्रीने दात काळे. खरं सांगते, मला लाज वाटत होती. त्या माणसाच्या चकचकीत फरशीवर त्यांच्या पायांचे ठसे उमटत होते आणि मी ते आपल्याच चपलेने पुसत चालले होते.

त्यांनी ओटा बघितला नाही. न्हाणीघर बघितलं नाही. मागच्या दाराने सरळ अंगणात गेल्या, तिथून कुंपणाच्या भिंतीकडे. भिंतीच्या पायथ्याशी जुन्या बांधाचा एक तुकडा राहिला होता, त्यावर मुरमाचा भराव जेमतेम पोचला होता. तिथे त्या उकिडव्या बसल्या आणि जमिनीत बोट घातलं. मग मनगटापर्यंत हात. मूठभर माती बाहेर काढून त्यांनी ती दाबून बघितली.

"हितं मुठे हायत," त्या म्हणाल्या.

मुठे म्हणजे भाताच्या खाचरातले काळे खेकडे. उन्हाळाभर बिळाच्या तोंडाला चिखलाचं बूच लावून आत बसतात. आमच्याकडे हे लहान पोरालाही ठाऊक असतं. साइटवरच्या माणसाला नव्हतं. "काय आहेत, आजी?"

"मुठे, मुठे. ही बग माती. मे महिना चाललाय आन् माती वली हाय. हितं पानी बसतंय, बाबा."

"आजी, आता इथे शेत कुठे राहिलं? आता बिल्डिंग झाली."

"तुला बिल्डिंग दिसतेय. पान्याला कुठं दिसतेय?"

तो मोठ्याने हसला. आणि मी, माझा पारा तर चढलेलाच होता, म्हटलं, "आई, आपण घर बघायला आलोय, खेकडे धरायला नाही." तो आणखी हसला, आणि त्याच्या हसण्यात मीही हसले. सासूबाईंनी हात लुगड्याला पुसला आणि फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. ते हसणं मला आज इतक्या वर्षांनीही लागतं. परक्या माणसाबरोबर आपल्या माणसाला हसण्याइतकं हलकं काम दुसरं नाही आणि ते मी केलं.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या. हे मधे. मी कडेला. किन्हवली येईपर्यंत तिघांत एक शब्द झाला नाही. यांनी एकदा घसा खाकरला, तेव्हा मला वाटलं आता बघू म्हणणार, पण तेही म्हणाले नाहीत. यांना आईंबरोबर रात्रीपुरतं गावी पाठवून मी किन्हवलीहून मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी पुन्हा आसनगावला गेले. टोकन द्यायचं होतं. पर्समध्ये पैसे होते, डोक्यात राग होता. पिवळ्या इमारतीसमोर चहाची टपरी होती, ती चालवणारा म्हातारा तिथलाच मूळचा. साइटवरचा माणूस अजून आला नव्हता म्हणून मी चहा घेतला. आणि का कोण जाणे, बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, "बाबा, या जागेत आधी कुठलं भात व्हायचं?"

"गरवं," तो म्हणाला. "दुसरं काय व्हनार! दिवाली झाली तरी कापाय जावं तर घोट्याएवडा चिखल. आमी बैलबी नाय घालायचो तितं."

कप तसाच हातात राहिला. हळवं भात लवकर होतं, ते उंचावरच्या जागेत लावतात, पाणी ओसरलं तरी चालतं. गरवं उशिरा होतं, त्याला शेवटपर्यंत पाण्यात पाय लागतात, म्हणून ते सगळ्यात खोलगट खाचरात. हे मला कुणी शिकवायला नको होतं. मॅट्रिक होईपर्यंत दर आषाढात मी वडिलांच्या शेतात आवणी, म्हणजे भाताची लावणी, केली आहे, वाकून वाकून कंबर धरली आहे. आणि घर घेताना मी काय विचारलं? टाइल्स कुठल्या, कार्पेट किती, नळाला पाणी किती वाजता. जमिनीची पहिली गोष्ट विचारायची राहिली. शेतकऱ्याची मुलगी ग्रॅनाइटला भुलली. शहरातल्या माणसाची ही चूक झाली नसती, कारण त्याला प्रश्नच माहीत नसतो. मला माहीत होता आणि मी विसरले. मला माझाच इतका राग आला की चहा अर्धा टाकून उठले. टोकन परत घरी आलं.

तिथूनच माळावर चढले. वरच्या इमारतीजवळ गुरं राखणाऱ्या बाईला तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "हितं भात कुठलं बाय? नाचनी, वरी. पाऊस थांबला का पायाला धूळ लागते." म्हणजे पाण्यात उभं राहायची भीती नाही. पण जिथे नाचणी होते तिथे उन्हाळ्यात विहिरी तळ दाखवतात, हेही मला माहीत होतं. आमच्या तालुक्याचं हे कायमचं आहे. धरण आमच्याकडे, पाइपलाइन आमच्या डोळ्यांदेखत मुंबईला जाते आणि मे महिन्यात आमच्याच वाड्यापाड्यांवर टँकर येतो. तर एका जागी पायाखाली पाणी आणि दुसऱ्या जागी नळाला पाणी नाही, असं कोडं घेऊन मी घरी आले. त्या आठवड्यात मी पोरींवर विनाकारण ओरडले.

पुढच्या रविवारी मुरबाडची एसटी धरली. सासूबाई ओट्यावर चिंचा फोडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि दुसरा बत्ता उचलला. तासभर दोघी चिंचा फोडत राहिलो. माझ्यासारख्या बडबड्या बाईला तो तास फार मोठा होता.

"आई, चुकलं माझं," शेवटी मी म्हटलं. "तिथे गरवं व्हायचं."

"चिचोके त्या सुपात टाक. फोलात नको मिसलू," त्या म्हणाल्या.

मी चिंचोके सुपात टाकले. डोळ्यांतून पाणी आलं ते चिंचेचा हात लागला म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "त्या मान्साम्होरं बोल्लीस ते नाय बोलायचं व्हतंस. आता जाऊ दे. दुसरी कुठली दावतेस?"

माळावरच्या इमारतीचं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी नाचणीचं ऐकून मान हलवली आणि विचारलं, "बोर हाय का?" मी हो म्हटलं. "मग आत्ताच नको जाऊ. मे सरू दे. शेवटल्या दिसांत पानी बगायचं, तवा ते खोटं बोलत नाय."

मे महिना सरेपर्यंत थांबायचं म्हणजे काय, हे ज्याला क्वार्टर सोडायचं असतं त्यालाच कळेल. हे सावंतवाडीला रुजू झाले होते. शेजारणी रोज विचारत, कुठे जाताय मग? मी म्हणायची, ठरतंय. थोरली न बोलता कॉलेजांचे फॉर्म चाळायची. गावाकडे पडवीच्या खोलीसाठी विटा येऊन पडल्या असा निरोप आला. विटा! मी त्या विटांना स्वप्नात पाहिलं आहे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सासूबाई, मी आणि थोरली माळावर गेलो. जागेचा मूळ मालकच तिथे इमारत बांधत होता, धोतरातला भला माणूस, पण त्यालाही आमची मागणी ऐकून घाम फुटला. मी म्हटलं, "बोर एक तास सलग चालवा. आम्ही इथे बसतो."

"बाई, लोक येतात, बाल्कनी बघतात, हवा बघतात. तुमी तासभर पानी बगनार?"

"हो."

त्याने मोटर लावली. आम्ही तिघी सिमेंटच्या गोण्यांवर बसलो. पहिल्यांदा पाणी गढूळ आलं, मग लालसर, मग स्वच्छ. दहा मिनिटांनी मालक म्हणाला, बघितलंत? सासूबाई म्हणाल्या, आत्ता तर बसलो. वीस मिनिटं झाली. अर्ध्या तासाने धार बारीक झाल्यासारखी मला वाटली. मी थोरलीकडे पाहिलं, ती ओठ चावत धारेकडे बघत होती, वर्गात निकाल वाचला जाताना पोरी बघतात तशी. सासूबाई उठल्या, त्यांनी धारेखाली पंजा धरला. हाताला पाण्याचा जोर कळतो. डोळ्याला कळत नाही. मग त्या परत येऊन बसल्या. वारा होता, म्हणून धार बाजूला जात होती, एवढंच. तास भरला तेव्हा पाणी तितकंच जाड, तितकंच गार पडत होतं. मोटरचा आवाज एकदाही बदलला नव्हता.

सासूबाईंनी त्याच धारेखाली पाय धुतले. आधी उजवा, मग डावा. पदराला हात पुसला.

"घे," त्या म्हणाल्या.

थोरलीने मला तिथे, मालकासमोर, कडकडून मिठी मारली. मी हसत होते आणि रडतही होते, आणि मालक बिचारा मोटर बंद करायची का म्हणून विचारत होता. आयुष्यात मला पुरस्कार एकदाच मिळाला आहे, तालुक्याचा, शाल आणि नारळ. त्या दिवशीच्या 'घे' पुढे तो काहीच नाही.

नावाचा प्रश्न मात्र राहिला होता. थोरले दीर मुद्दाम आमच्या क्वार्टरवर आले. चांगले आहेत ते, वाईट बोलत नाहीत, फक्त स्वतःचंच बरोबर मानतात. म्हणाले, "कर्ज तुजं, मान्य. पन घर बाप्या मान्साच्या नावावर असलेलं बरं. उद्या काय झालं तर?" हे त्या दिवशी रजेवर आलेले होते, खाटेवर बसून चहा पीत होते. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "माझी आणखी दहा ठिकाणी बदली होईल, दादा. घराची नको व्हायला. तिच्या नावावर होऊ दे." आणि पुन्हा बशीत चहा ओतला. मी यांच्याकडे बघतच राहिले. वीस वर्षं ज्या बघूवर मी दात खात होते, त्याच्यामागे हा माणूस बसलेला होता तर.

पिवळ्या इमारतीचं सांगायला हवं. दुसऱ्याच वर्षी श्रावणाच्या आधी तिथल्या तळमजल्यावरच्या लोकांनी पलंग विटांवर चढवले. माझ्या आवडत्या ग्रॅनाइटच्या ओट्याखाली पाणी खेळत होतं. ऐकून मला आधी आनंद झाला, मग झालेल्या आनंदाची शरम वाटली, आणि मग मी डब्यात पोळीभाजी भरून तिथल्या एका ओळखीच्या बाईला नेऊन दिली. त्याने शरम अर्धीच गेली.

ही गोष्ट मुरबाडपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. दोन हजारनंतर आमच्या भावकीतली बरीच पोरं आसनगाव, वासिंद, टिटवाळ्याकडे घरं बघायला लागली आणि प्रत्येक जण आधी सासूबाईंना नेऊ लागला. ऐंशीला टेकलेली म्हातारी, अनवाणी, बिल्डरांच्या ऑफिसात कोल्ड्रिंक नको म्हणायची आणि मागच्या बाजूला निघून जायची. एका बिल्डरने तर विचारलं होतं म्हणे, या आजी कुठल्या खात्याच्या? थोरल्या दिरांचा मुलगाही त्यात होता. त्याने तिसरा मजला घेतला. सातबारा मिळाला का, असं मी दिरांना विचारलं, चारचौघांत विचारलं. एवढा हक्क माझा होता.

पण मला आठवतो तो नोंदणीचा दिवस.

शहापूरच्या रजिस्ट्रार कचेरीत गर्दी होती. खरेदीखतावर दोन साक्षीदार लागत. एक माझ्या शाळेच्या बाई होत्या. दुसऱ्या साक्षीदार म्हणून मी सासूबाईंना उभं केलं. टेबलामागचा लेखनिक म्हणाला, "सही येणारा कुणी आणा ना, बाई. तुमचे मिस्टर आहेत की बाहेर." मी म्हटलं, "साक्षीदार मी ठरवलाय. अंगठा चालतो की नाही तेवढं सांगा." तो म्हणाला, चालतो. मी म्हटलं, मग घ्या.

त्याने शाईचा पॅड पुढे सरकवला. सासूबाईंनी अंगठा पॅडवर ठेवला आणि हात तसाच थांबवला.

"काय लिवलंय ह्याच्यात?" त्यांनी मला विचारलं. "वाच सगलं."

मागे रांग होती. लेखनिकाने कपाळाला हात लावला. मी वाचलं. माळावरच्या जागेच्या चारही बाजूंना कुणाकुणाची हद्द आहे ते वाचलं, तिसरा मजला, खोल्या, घेणार म्हणून माझं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नव्हे, माझं एकटीचं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग अंगठा कागदावर दाबला, सावकाश, कडा उमटेपर्यंत, आणि उचलला.

बाहेर पायरीवर आलो तेव्हा मी त्यांना रुमाल दिला. त्यांनी तो घेतला नाही, अंगठ्याकडे बघत राहिल्या.

"दोन येळा दिलाय ह्यो," त्या म्हणाल्या. "एकदा बापूस मेला तवा, भावांनी तालुक्याला आनली, गोडाचं खाऊ घातलं, म्हनले हितं लाव. मंग तुजा सासरा मेला तवा, पोरांनी आनली, म्हनले हितं लाव. दोनीबी येळा कोनी वाचून नाय दावलं. काय लिवलं व्हतं ते लय मागनं कललं. शेत सोडल्याचं लिवलं व्हतं."

त्या दुसऱ्या वेळच्या पोरांमध्ये आमचे हे पण होते, आणि ते तिथेच, दोन पायऱ्या खाली, रिक्षावाल्याशी बोलत उभे होते.

"घेतल्याच्या कागदावर आजच पयल्यांदा लावला," सासूबाई म्हणाल्या. "तुजं घर हाय, मला ठावं हाय. पन माजा बी अंगठा हाय त्याच्यात."

मी त्यांचा शाईचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला आणि चारचौघांत, कचेरीच्या पायरीवर, त्यांच्या पाया पडले. उठताना माझ्या पांढऱ्या साडीच्या पदराला शाई लागलेली दिसली. मी ती साडी पुन्हा कधी धुतली नाही, आणि त्यासाठी कुणालाही विचारलं नाही.